गच्चीवरची सोलरची गरम पाण्याची लाइन : इन्सुलेशन आणि पेटी कशी करावी

सोलर वॉटर हीटरची टाकी कारखान्यातूनच पफ (उष्णता रोखणारा फोम) भरून येते, त्यामुळे टाकीतलं पाणी रात्रभर गरम राहतं. टाकीच्या तोंडापासून बाथरूमच्या नळापर्यंतची लाइन मात्र बहुतेक घरांत उघडीच असते: आधी गच्चीवरून दहा-पंधरा मीटर, मग बाहेरच्या भिंतीवरून खाली. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या वाऱ्यात ही लाइन गारठते आणि घरातला शेवटचा माणूस कोमट पाण्याने अंघोळ करतो. या लाइनला इन्सुलेशन करायचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टण चढवायचं काम प्लंबरकडून करून घ्यायचं असो वा स्वतः, कुठला माल लागतो, किती लागतो आणि कुठे फसतं हे आधी माहीत असलेलं बरं.

इन्सुलेशनने काय होतं, काय होत नाही

पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. लाइन २० मीटर असेल तर पाच लिटर. पाइप एक इंची असेल तर त्याच २० मीटरला साडेआठ लिटर. हे पाणी रात्रभर पाइपात उभं राहतं आणि कितीही जाड इन्सुलेशन केलं तरी पहाटेपर्यंत थंड होतंच. सकाळी नळ सोडल्यावर गरम पाणी येईपर्यंत जी बादली भरते, ती इन्सुलेशनने वाचत नाही. ‘पहिल्या थेंबापासून गरम पाणी’ असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

फायदा दिसतो तो दोन अंघोळींच्या मधल्या वेळात. पाइपात ६० अंशांचं पाणी आहे, बाहेर १५ अंश आहेत आणि वारा नाही, असं धरून हिशेब केला तर उघड्या पाऊण इंची पाइपातलं पाणी अर्ध्या तासात ३२ अंशांच्या आसपास येतं. १३ मिमी जाडीची नायट्राइल ट्यूब (पाइपावर चढवायची फोमसारखी रबरी नळी) असेल तर ते ४७ अंशांवर राहतं. वारा असेल तर उघडा पाइप यापेक्षा बराच लवकर थंड होतो. इन्सुलेशन केलेल्या पाइपाला मात्र वाऱ्याने तितका फरक पडत नाही.

जाडीबाबत एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. वरच्याच हिशेबात उघडा पाइप मीटरमागे सुमारे ३५ वॅट उष्णता घालवतो, ९ मिमी ट्यूब घातल्यावर १३ वॅट, १३ मिमीला ११ आणि १९ मिमीला ९. मोठी बचत पहिल्या ९ मिमीतच होते. म्हणून घरगुती लाइनला १३ मिमी पुरे, आणि १९ मिमीसाठी जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते वरच्या आवरणावर खर्च करावेत. आपल्याकडे पाइप गोठत नाहीत. परदेशी व्हिडिओंमधलं सगळं काम बर्फापासून बचावाचं असतं. इथे इन्सुलेशन मरतं ते उन्हाने आणि पावसाने.

लाइन नव्याने टाकणार असाल तर इन्सुलेशनच्याही आधी पाइपाचा व्यास आणि मार्ग ठरवा. लांबी कमी झाली आणि एक इंचीऐवजी पाऊण इंची पाइप चालला, तर दररोज वाया जाणारं पाणी थेट कमी होतं. अपवाद सगळ्यात वरच्या मजल्याचा. तिथे टाकीची उंची कमी असल्याने दाब मुळातच कमी असतो आणि पाऊण इंची लाइनने शॉवरची धार बारीक होते.

पाइप कोणता आहे ते आधी पाहा

सीपीव्हीसी (पिवळसर) पाइप ८२ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. व्हॅक्यूम ट्यूबच्या सोलरमध्ये मे महिन्यात घर आठ दिवस बंद राहिलं तर पाणी याच्याही वर जातं. म्हणून टाकीपासूनचा पहिला मीटर-दीड मीटर जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेल्या कॉम्पोझिट पाइपाचा असावा. पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम लाइनला कुठेच चालत नाही. तो मऊ पडतो, मधे झोळ येतो आणि जोड सुटतात. अशा पाइपावर इन्सुलेशन चढवणं म्हणजे गळती झाकून ठेवणं. आधी पाइप बदला.

जुन्या इमारतीत जीआय लाइनवर पांढरट-राखाडी दोरी गुंडाळून वरून प्लास्टर केलेलं आढळलं तर ती दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. ती लाइन तशीच सोडून शेजारून नवी लाइन टाकणं हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग.

माल

काळी नायट्राइल रबर ट्यूब घ्या. एसीच्या कॉपर पाइपावर असते तीच. ती १०५ अंशांपर्यंत टिकते आणि तिची छिद्रं बंद असल्याने पाणी शोषत नाही. राखाडी किंवा चंदेरी ईपीई फोमची ट्यूब स्वस्त पडते, पण टाकीजवळच्या गरम तुकड्यावर ती आकसते आणि सांध्यांत फटी पडतात. थर्माकोलच्या अर्धगोल पट्ट्या ८० अंशांच्या आसपास खचतात. गोणपाट गुंडाळण्याची पद्धत अजून दिसते. पावसात भिजलं की ते पाणी धरून ठेवतं आणि पाइप उघडा असता त्याहून लवकर थंड होतो. ग्लासवूल हॉटेल-हॉस्पिटलच्या मोठ्या लाइनला ठीक आहे, पण पत्र्याचं आवरण बिनचूक बसवणारा कारागीर नसेल तर घरी नको.

ट्यूब मागताना नुसतं ‘पाऊण इंची’ म्हणू नका, पाइपाचा बाहेरचा व्यास सांगा. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२ मिमी असतो, पण पाऊण इंची जीआय जवळपास २७ मिमी. एक इंची सीपीव्हीसी २८.६ मिमी, एक इंची जीआय साधारण ३४ मिमी. पीपीआर (हाही गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) पाइपावर लिहिलेला २५ किंवा ३२ हा आकडाच त्याचा बाहेरचा व्यास. ट्यूब सैल झाली तर आत हवा खेळते, घट्ट झाली तर चीर पूर्ण मिटत नाही.

समजा लाइन १५ मीटर आहे, पाऊण इंची सीपीव्हीसी, सहा एल्बो (काटकोनी जोड), एक बॉल व्हॉल्व्ह. त्याला लागेल ते असं:

- २२ मिमी बोअर (आतला व्यास), १३ मिमी जाडीची नायट्राइल ट्यूब, सहा फुटी १० नग. हिशेबाने साडेआठ पुरतात, बाकी कापाकापीत जातात
- २८ मिमी बोअरची तीच ट्यूब, २ नग, फक्त एल्बो आणि कपलिंगसाठी
- रबर चिकटवण्याचं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, अर्धा लिटर, आणि एक इंची ब्रश
- ३ मिमी जाडीची, मागून गोंद असलेली नायट्राइल टेप, १ रोल
- बाहेरच्या आवरणासाठी ६३ मिमी पीव्हीसी पाइप, सहा मीटरचे ३ नग, आणि त्याच मापाचे ६ एल्बो
- ६३ मिमीचे सॅडल क्लॅम्प १८ नग, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंसह
- गच्चीवर टेकू द्यायला सिमेंटचे ठोकळे किंवा पेव्हर ब्लॉक

२२ मिमीच्या पाइपावर दोन्ही बाजूंनी १३ मिमी धरलं की बाहेरचा व्यास ४८ मिमी होतो. तो ६३ मिमीच्या पाइपात सहज जातो. एक इंची सीपीव्हीसीला हाच आकडा ५५ होतो, तोही ६३ मध्ये बसतो. १९ मिमी ट्यूब घेतली तर मात्र ७५ मिमी पाइप लागेल.

कधी करावं

दसरा ते दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपून गच्ची पूर्ण वाळल्यावर. पुढे थंडी असते आणि ॲडहेसिव्हही नीट धरतं. दमट हवेत ते चिकटल्यासारखं वाटतं आणि आठवड्यात उकलतं. भर मे महिन्यात दुपारी करू नका. तापलेल्या पाइपावर ट्यूब ताणून बसते आणि रात्री आखडली की प्रत्येक जोडात फट दिसते.

काम कसं करायचं

सुरुवात गळती तपासण्यापासून. नवी लाइन असेल तर सीपीव्हीसीचं सोल्युशन २४ तास वाळू द्या, मग पाणी भरून नळ बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडावरून कोरडा कागदी रुमाल फिरवा. प्रेशर पंप असेल तर तो चालू ठेवून हेच करा. ही पायरी गाळली जाते आणि मग सहा महिन्यांनी खालच्या छतावर डाग येतो. गळकं पाणी इन्सुलेशनच्या आतून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी बाहेर पडतं, त्यामुळे गळका जोड शोधायला सगळंच उघडावं लागतं.

मग पाइप पुसून कोरडा करा. जीआय असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात मारा. इन्सुलेशनखाली ओल शिरली तर जीआय उघड्यापेक्षा जलद गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही. सीपीव्हीसीला ऑइल पेंट लावू नका, त्यातल्या द्रावकाने पाइप कमकुवत होतो. रंग द्यायचाच तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक.

नवीन लाइन जोडताना ट्यूब न चिरता आधीच पाइपात ओवता येते. त्याच वेळी ६३ मिमीचं आवरणही ओवून घ्या. जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा, कारण सोल्युशन लावून पाइप फिरवायला हात लागतो. ती जागा चाचणीनंतर भरायची.

जुन्या लाइनवर ट्यूब उभी चिरावी लागते. त्यासाठी नवं कटर ब्लेड घ्या आणि तीन-चार नगांनंतर बदला. बोथट पात्याने कड फाटते आणि फाटलेली कड मिटत नाही. ट्यूब पाइपावर चढवल्यावर चीर खालच्या बाजूला आणा. चिरेच्या दोन्ही कडांना ॲडहेसिव्हचा पातळ हात द्या, पाच ते दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर ओलं न लागता नुसतं चिकट लागलं की दाबा. ओलं असतानाच मिटवलं तर द्रावक आत कोंडतो आणि जोड धरत नाही. ॲडहेसिव्ह सीपीव्हीसी पाइपाच्या अंगावर सांडू नये, कारण तेही द्रावक असलेलंच असतं.

प्रत्येक नग जागेपेक्षा दोन टक्के लांब कापा, म्हणजे सहा फुटांच्या नगाला साधारण दीड इंच जास्त, आणि दाबून बसवा. रबर काही महिन्यांत आखडतं. ही वाढीव लांबी नसेल तर दर सहा फुटांवर अर्ध्या इंचाची उघडी पट्टी दिसू लागते. दोन नगांच्या तोंडांनाही ॲडहेसिव्ह लावा आणि वरून टेपचा एक वेढा द्या. टेप ताणू नका, ताणलेली टेप परत आखडते आणि तिचं टोक सुटतं.

एल्बोपाशी नवशिक्यांची पंचाईत होते. सीपीव्हीसीचा एल्बो पाइपापेक्षा जाड, साधारण २८ मिमी असतो, म्हणून २२ ची ट्यूब त्यावर ओढून बसवली की बाहेरच्या वळणावर तोंड उघडतं. २८ मिमीची ट्यूब घ्या, वीतभर लांबीचे दोन तुकडे करून प्रत्येकाचं एक टोक ४५ अंशांत कापा, दोन्ही तिरकी तोंडं चिकटवून काटकोन तयार करा. तो पूर्ण वाळल्यावर आतल्या बाजूने चिरून एल्बोवर चढवा. दोन्ही टोकं शेजारच्या २२ च्या ट्यूबला भिडली पाहिजेत. ४५ अंशांचा काप हाताने सरळ येत नाही. सुताराचा मायटर बॉक्स वापरा.

बॉल व्हॉल्व्हचा दांडा बाहेरच राहू द्या. व्हॉल्व्ह आणि युनियन (पान्याने उघडता येणारा जोड) यांच्यावर वेगळा तुकडा बसवा आणि तो चिकटवू नका, नुसत्या टेपने बांधा. पाना लावायची वेळ येतेच.

आणि टाकीवरची एअर व्हेंटची उभी नळी. तिच्या तोंडावर काहीही येता कामा नये, ट्यूब नाही, टोपी नाही, पेटीचं झाकण नाही. व्हेंट बंद असताना टाकीतून पाणी ओढलं गेलं तर आत पोकळी होऊन टाकी चेपते, आणि पाणी उकळीला आलं तर वाफेला वाट राहत नाही. व्हेंटच्या अंगाला इन्सुलेशन करायची गरजच नाही.

आवरण

उघडी नायट्राइल ट्यूब आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत तडकते आणि बोटाने चोळलं की काळी पूड निघते. त्याशिवाय कावळे घरट्यासाठी तुकडे उपसतात, खारी आणि उंदीर कुरतडतात. कोकणात माकडांचा उपद्रव असेल तर विचारूच नका. काळी इलेक्ट्रिकल टेप किंवा पॅकिंगची चिकटपट्टी याला उपाय नाही, तिचा गोंद पहिल्याच उन्हाळ्यात वितळतो.

घरगुती कामाला ६३ मिमी पीव्हीसी पाइपाचं आवरण सगळ्यात सोयीचं. जुन्या लाइनवर बसवायचं तर पाइप एका बाजूने उभा चिरा, फाकवून चढवा, चीर खाली ठेवा आणि दर दोन फुटांवर स्टेनलेस स्टीलचा पट्टा आवळा. नायलॉनचे पट्टे उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. ६३ चे एल्बो मधोमध चिरून दोन फाका करून बसवावे लागतात. ते जुळवायला वेळ जातो, पण टेप गुंडाळण्यापेक्षा कित्येक पटींनी टिकतं. वरून पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या.

दिसायला नीटनेटकं आणि वीसेक वर्षं टिकेलसं हवं असेल तर २६ गेजच्या ॲल्युमिनियम पत्र्याचं क्लॅडिंग. ते एसी डक्टिंगचं काम करणाऱ्यांकडून करून घ्या. दोन गोष्टी स्वतः पाहा: पत्र्याची उभी शिवण खालच्या अंगाला हवी, आणि उताराच्या लाइनवर वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चढलेला हवा. उलटं असेल तर पावसाचं पाणी सरळ आत जातं. स्क्रू मारताना ते इन्सुलेशन भेदून सीपीव्हीसीपर्यंत पोचणार नाहीत इतकेच लांब घ्या, ८ ते १० मिमी.

आता टेकू. गच्चीच्या कोब्यात खिळा किंवा प्लग ठोकू नका, वॉटरप्रूफिंगला पडलेलं एक भोक सगळ्या बचतीपेक्षा महाग पडतं. दर तीन फुटांवर ठोकळा ठेवून लाइन जमिनीपासून चार ते सहा इंच उचला, म्हणजे पावसाचं पाणी खालून वाहील आणि झाडूही फिरेल. क्लॅम्प आवरणाला लावा. आतला पाइप मोकळा सरकला पाहिजे, कारण १० मीटर सीपीव्हीसी ४० अंशांच्या फरकाने सुमारे इंचभर लांबतो. ॲल्युमिनियम थर नसलेला साधा पीपीआर त्याच्या दुपटीहून जास्त. दोन्ही टोकं भिंतीत सिमेंटने घट्ट पुरलेली असतील तर ही लांबी कुठेतरी कमान करते किंवा एल्बो तडकवते. लांब सरळ लाइनच्या मधे एक चौकोनी वळसा द्यावा, आणि भिंतीतून जाताना जाड पाइपाचा तुकडा बाही म्हणून घालावा.

गच्चीवरच्या लाइनवर विटा रचून प्लास्टर करणं लोकप्रिय आहे, पण करू नये. पाण्याचा उतार अडतो, गळती दिसत नाही आणि दुरुस्तीला पहार लागते.

भिंतीवरून उतरणाऱ्या लाइनसाठी पेटी

उभ्या लाइनला पेटी शोभते, कारण तिथे उतार अडण्याचा प्रश्न नसतो. इमारत सोसायटीची असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्या.

गरम आणि थंड अशा दोन लाइनी शेजारी असतील तर प्रत्येकी ४८ मिमी (थंड लाइन उघडी असली तरी तेवढीच जागा), मधे २५ आणि दोन्ही कडांना २५-२५ धरून आतली रुंदी १७५ मिमी लागते. खोली १०० मिमी पुरते. भिंतीवर २५ बाय २५ मिमी ॲल्युमिनियम अँगलच्या दोन उभ्या पट्ट्या ओळंब्यात बसवा, दर दीड फुटाला ८ मिमीचा प्लग. भोकं पाडण्याआधी भिंतीतली वायरिंग कुठून जाते ते पाहा. बाजू आणि पुढचा दर्शनी भाग ८ मिमी सिमेंट बोर्डचा किंवा एसीपीचा (मधे प्लास्टिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं पॅनेल). सिमेंट बोर्ड टिकाऊ, पण चौरस मीटरला दहा-अकरा किलो भरतो. वरच्या मजल्यांना एसीपी हलका पडतो. प्लायवूड, मरीन असलं तरी, बाहेर नको. कडांतून पाणी पितं आणि फुगतं.

दर्शनी भाग चार-चार फुटांच्या तुकड्यांत करा आणि नुसत्या स्क्रूंवर ठेवा. सिलिकॉन फक्त भिंतीला टेकणाऱ्या कडांना आणि वरच्या झाकणाला. झाकण बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, पुढे इंचभर निघालेलं. पेटीचं बूड बंद करू नका. जमिनीपासून १० मिमी वर ठेवा आणि तिथे स्टीलची बारीक जाळी लावा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल आणि उंदीर, गांधीलमाश्या शिरणार नाहीत. व्हॉल्व्हसमोर वेगळं छोटं दार ठेवा.

पाइप गॅसची लाइन या पेटीत कधीही घेऊ नका. ती उघड्या हवेतच असली पाहिजे, कारण बंद पेटीत गळालेला गॅस साठतो. विजेची केबलही वेगळी ठेवा. सांडपाण्याचा पाइप पेटीत येत असेल तर त्याचं साफसफाईचं झाकण हाताशी राहील असं पाहा.

एक मजल्याहून उंच काम शिडीवरून करू नका. परांची बांधणारे किंवा दोरीवर काम करणारे लोक बोलवा.

थंड पाण्याच्या लाइनचं काय

सोलरकडे जाणाऱ्या थंड लाइनला इन्सुलेशन लागत नाही. फक्त टाकीलगतचा शेवटचा एक मीटर झाकावा, तिथून उष्णता मागे झिरपते. उन्हाळ्यात दुपारी बाथरूमच्या थंड नळाला चटका बसेलसं पाणी येतं, त्यावर बरेचजण पाइप गुंडाळायला जातात. पण तापलेली असते वरची टाकीच, पाइप झाकून फार तर पहिली बादली सुधारते. आधी टाकीला सावली करा, पाइपाला पांढरा रंग द्या.

नंतरची तपासणी

काम झाल्यावर नळ दहा मिनिटं सोडून आवरणावरून हात फिरवा. कुठे एका जागी गरम लागलं तर आत फट आहे, बहुधा एल्बोपाशी. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचा, कमी आकडा दाखवतो. त्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मापा.

वर्षातून दोनदा पाहायचं: मे अखेरीस आवरणाच्या चिरा, पट्टे आणि पेटीच्या झाकणाचं सिलिकॉन, आणि पावसानंतर आवरणाच्या सगळ्यात खालच्या टोकातून पाणी ठिबकतंय का. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी ठिबकत असेल तर ते पावसाचं पाणी नाही. गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि त्या टोकापासून वर चढत एकेक जोड उघडून पाहा.